चक्री, घुंडी आणि अंगठा

मुलांनो, विहिरीवरचा रहाट तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? आता घरोघरी पंप आलेत. बटण दाबलं की टाकी भरते. पण आमच्या देवगड तालुक्यात अजूनही एखाद्या आवारात रहाट दिसतो. लाकडी चाक, त्यावर गुंडाळलेला दोर आणि दोराच्या टोकाला कळशी. कळशी खाली सोडताना आजीचा हात कुठे असतो, ते नीट बघा. तो रहाटावर असतो! घट्ट धरलेला नाही हं, नुसता टेकवलेला. चाक तळहाताखालून गरगर फिरत असतं. कळशी पाण्याजवळ आली की हात किंचित दाबला जातो आणि रहाट थांबतो.

समजा, आजीनं हात काढून घेतला. मग काय होईल? कळशी धप्पकन पाण्यावर पडेल आणि तिचं ओढणं संपेल. पण चाकाला हे कोण सांगणार? ते आपलं फिरतच राहील. दोराला खाली जायला जागा नाही आणि वरून तर तो सुटतोच आहे! दोन क्षणांत सैल वेटोळ्यांचा ढीग होईल. पतंग उडवणाऱ्यांना हे लगेच कळेल. पतंग अचानक कटला की चक्री (येवल्याकडे तिला आसारी म्हणतात) उगाच फिरते आणि मांज्याचा गुंता होतो. तसंच हे.

आज मला तुम्हाला सांगायचंय ते मासे गरवायच्या एका रिळाबद्दल. त्यातही हाच घोटाळा होतो. फरक एवढाच की रहाट सेकंदाला एखादा फेरा घेतो आणि ही छोटी चक्री काय करते, ते आपण गणितानंच पाहू.

आमच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि गळानं मासे पकडण्याला गरवणं. नायलॉनच्या दोरीला म्हणतात तंगूस. जुनी पद्धत अशी : तंगुसाच्या टोकाला शिसं आणि गरी बांधायची, गरीला कोळंबी लावायची, डोक्यावर गरगर फिरवून भिरकावायची आणि हातानं ओढायची. काठी नाही, यंत्र नाही. खाडीच्या तोंडाशी उभे राहून माणसं अशीच तांबोशी, गोबरा, जिताडा काढतात.

माझा मोठा भाऊ मालवाहू जहाजावर कामाला आहे. २०२२ च्या दिवाळीत तो सुटीवर आला, तेव्हा त्यानं एक काठी आणि साबणाच्या वडीएवढं एक रीळ आणलं. सुटी संपली, तो परत गेला. काठी आणि रीळ माझ्याकडेच राहिलं. "तुझ्या शाळेतल्या पोरांना दाखव," म्हणाला. मी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी-चौथीची मिळून अकरा मुलं. त्यांतली आठ तरी समुद्रावर पोट असलेल्या घरातली. मासे कसे धरायचे हे मी त्यांना शिकवणं म्हणजे काकीला स्वयंपाक शिकवण्यासारखंच! पण यंत्र समजून घेणं हे आमचं शाळेचं काम होतं आणि ते आम्ही केलं.

रिळाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात तंगुसाची चक्री फेकताना फिरतच नाही. तंगूस तिच्या कडेवरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी निसटते. ते सोपं. पहिल्यांदा गरवणाऱ्यानं तेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या प्रकाराला बेटकास्टिंग रीळ म्हणतात. यात चक्री आडवी असते आणि फेकताना ती स्वतः फिरून तंगूस सोडते. रहाटासारखी! नेम चांगला साधतो, जड शिसं आणि जाड तंगूस हे रीळ सहज पेलतं. पण त्याला वळण लावावं लागतं. आमच्याकडे आलं ते हे दुसरं.

आता गणित. आमच्या रिळाची चक्री तंगुसानं भरली की तिचा व्यास साधारण ३२ मिलिमीटर होतो. परीघ किती? ३.१४ ने गुणा. जवळजवळ १० सेंटिमीटर. म्हणजे एका फेऱ्याला १० सेंटिमीटर तंगूस सुटते. शिसं जर सेकंदाला १५ मीटर वेगानं निघालं, तर चक्रीला सेकंदाला १५० फेरे घ्यावे लागतील. मिनिटाला ९,०००! आपला छताचा पंखा मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे घेतो. म्हणजे पंख्याच्या पंचवीसपट. चौथीतल्या एका मुलीनं हा गुणाकार फळ्यावर केला आणि आपणच "बाई, चुकलं वाटतं" म्हणून पुसायला निघाली. चुकलं नव्हतं.

चक्री एवढी पळते, पण शिसं तेवढं पळत राहत नाही. हवा त्याला मागे रेटते आणि ते हळू होत जातं. चक्री मात्र आपल्याच नादात. शिसं मागते त्यापेक्षा चक्री जास्त तंगूस सोडू लागली की ती जादा तंगूस रिळातच फुगते, फिरून गुरफटते, आणि खाड्कन सगळं थांबतं. या गुंत्याला इंग्रजीत गमतीनं पक्ष्याचं घरटं म्हणतात. आमच्या मुलांनी त्याचं नाव ठेवलं 'शेवयांचा लाडू'.

हा लाडू होऊ नये म्हणून रिळाला तीन लगामी असतात. दोन यंत्राच्या, एक माणसाची.

पहिली लगाम म्हणजे हँडलच्या बाजूला असलेली एक छोटी गोल घुंडी. ती आवळली की चक्रीच्या आसाचं टोक दाबलं जातं. सायकलच्या चाकाचा नट जास्त आवळला की चाक जड फिरतं ना, तसं. ही घुंडी लावायची युक्ती माहितीपुस्तिकेत चित्रासकट दिली होती. काठीच्या टोकापासून शिसं वीतभर लोंबत ठेवायचं. काठी थोडी वर धरायची. घुंडी आवळून घ्यायची आणि चक्री मोकळी करणारी पट्टी अंगठ्यानं दाबायची. शिसं जागचं हललं नाही, तर घुंडी फार घट्ट. मग केसभर सैल करायची. पुन्हा केसभर. शिसं संथपणे खाली उतरू लागलं आणि जमिनीला टेकताक्षणी चक्रीही थांबली, की जमलं. शिसं टेकल्यावर चक्री दोन-तीन फेरे जादा फिरली, तर घुंडी फार सैल.

आणि हो, शिसं बदललं की हे सगळं पहिल्यापासून! किराणा दुकानातल्या डिजिटल तराजूवर आम्ही आमची शिसं तोलून आणली. १० ग्रॅमचं, २० ग्रॅमचं आणि ३० ग्रॅमचं. २० ग्रॅमला बरोबर बसलेली घुंडी १० ग्रॅमचं शिसं खाली उतरूच देईना, आणि ३० ग्रॅमचं धाडकन आपटलं.

(त्याच बाजूला हँडलपाशी चांदणीच्या आकाराचं एक चाक असतं. तो ड्रॅग. मासा लागल्यावर त्यानं किती जोर लावला म्हणजे तंगूस सुटायची, ते त्यानं ठरतं. फेकण्याशी त्याचा काही संबंध नाही. पुष्कळ जण गुंता झाला की हेच चाक पिरगळत बसतात.)

दुसरी लगाम हँडलच्या समोरच्या बाजूला असते. ब्रेकची तबकडी. आमच्या तबकडीवर ० ते १० आकडे होते. काही रिळांत इथे चक्रीवर चिमुकले ठोकळे बसवलेले असतात. चक्री जोरात फिरली की ते बाहेर फेकले जातात आणि एका कड्याला घासतात. जत्रेतल्या पाळण्यात बसलं की आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो, तसे. वेग दुप्पट झाला की त्यांचं बाहेर ढकलणं चौपट होतं. आमच्या रिळात मात्र ठोकळे नव्हते, चुंबक होते. आणि ते चक्रीला लागतसुद्धा नव्हते!

मुलं लगेच म्हणाली, "चक्री लोखंडाची असेल." नाही, ती अॅल्युमिनियमची. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. डब्याला लावून पाहा. मग अडवतो कसा? चुंबकाजवळून धातू वेगानं फिरला की धातूत विजेचे छोटे भोवरे तयार होतात आणि ते स्वतःच चुंबकासारखे वागून त्या फिरण्यालाच विरोध करतात. सेंट पीटर्सबर्गमध्ये काम करणारे शास्त्रज्ञ हाइनरिख लेन्झ यांनी १८३४ साली हा नियम मांडला. अॅल्युमिनियमच्या जाड नळीचा हातभर तुकडा उभा धरा आणि आत एक जोरदार चुंबक सोडा. तो पडत नाही, पायऱ्या उतरल्यासारखा सावकाश येतो. चक्री जितकी जोरात, तितका विरोध जास्त. चक्री हळू झाली की विरोधही कमी. तबकडीचा आकडा वाढवला की चुंबक चक्रीच्या जवळ सरकतात. बस, एवढंच. (आईबाबांसाठी : हे छोटे जोरदार चुंबक लहान भावंडांच्या हाती देऊ नयेत. पोटात गेले तर फार धोक्याचे असतात.)

जपानच्या शिमानो कंपनीनं २००३ साली तर असं रीळ काढलं, ज्यात चक्री फिरताना स्वतःच वीज तयार करते आणि त्या विजेवर आतला चिमुकला संगणक ब्रेक लावतो. बॅटरी नाही! पण ही सगळी पुढची मजा. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी रिळं बनवली, तेव्हा ब्रेक म्हणजे माणसाचा अंगठाच होता. स्वीडनमधल्या स्वँग्स्टा गावच्या ज्या आबू कारखान्यानं १९५२ मध्ये आपलं प्रसिद्ध लाल रीळ काढलं, तोही १९२१ साली घड्याळांचा कारखाना म्हणूनच सुरू झाला होता. दोन्हीकडे घड्याळवालेच. चक्री डुगडुगू न देता फिरवणं त्यांच्याशिवाय कुणाला जमणार?

तर तिसरी लगाम म्हणजे अंगठा. फेकताना तो चक्रीवर टेकलेला असतो. काठी पुढे आली की तो उचलायचा, पण पुरता नाही. चक्रीला नुसता लागून राहील इतकाच. आणि शिसं पाण्याला टेकायच्या आत तो दाबायचा. आजीच्या तळहातासारखा.

इथे आमची गाडी अडली. मुलांची नव्हे, तात्यांची.

तात्या म्हणजे चौथीतल्या एका मुलाचे वडील. सगळं गाव त्यांना तात्याच म्हणतं. वीस वर्षं ट्रॉलरवर तांडेल म्हणून गेले. काही वर्षांपूर्वी जाळं ओढताना विंचवरच्या दोरात त्यांचा उजवा हात सापडला आणि अंगठा मुळापासून गेला. त्यानंतर ते बोटीवर गेले नाहीत. धक्क्यावर बसून जाळी शिवत. गरवायलासुद्धा जात नसत. कारण तंगूस हातानं ओढायला दोन्ही मुठी लागतात. अंगठ्याशिवाय मूठ वळत नाही. मोठी तांबोशी लागली की ओली तंगूस चार बोटांतून सरकायची आणि कापायची. एकेकाळी सगळ्या धक्क्याला मासे पुरवणारा माणूस घरी मासे विकत आणायचा. याबद्दल ते कधी काही बोलत नसत. मुलगाच मला सांगायचा.

भातकापणी झाली होती. शाळेमागचा मळा मोकळा होता. तिथे आम्ही रिळाचा अभ्यास करत होतो. गरी नाही, नुसतं शिसं. माझा नियम असा : फेकणाऱ्याच्या मागे आणि बाजूला दहा पावलांत कुणी उभं राहायचं नाही. आणि गरी लावायची ती फक्त मोठ्या माणसानं, पाण्यावर गेल्यावर. हा नियम तुम्हीही पाळा. एक दिवस त्या मुलानं विचारलं, "बाई, माझ्या बापाशीक बोलवू काय?" तात्या आले. रीळ हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. घुंडी फिरवली. तबकडी फिरवली. चक्रीवर बोट ठेवून पाहिलं. मग मला म्हणाले, "बाई, हेका थांबवूक आंगठो लागता. माझो आंगठो दर्यान नेलो." आणि रीळ परत दिलं.

मी म्हटलं, "तात्या, ब्रेक दहावर ठेवला तर अंगठा लागणार नाही." त्यांनी मान हलवली नाही, पण गेलेही नाहीत. मी तबकडी दहावर केली, घुंडी चांगली आवळली आणि फेकून दाखवलं. गुंता झाला नाही. शिसं मात्र चौदा पावलांवर जाऊन पडलं. तात्या हसले. "गुरांच्या गळ्यात बांधतत तसला लोढणां ह्यां," म्हणाले. खरंच होतं ते. पळणाऱ्या गुराच्या गळ्यात ओंडका बांधला की ते पळत नाही, पण चरायलाही लांब जात नाही. चौदा पावलांवर आमच्या खाडीत मासा नसतो, नुसते खडक असतात.

उपाय निघाला तो पोराच्या डोक्यातून. तो म्हणाला, "बाबा, डाव्या हातान मार ना!"

"मगे उजवो हात काय करतलो?"

"हँडल फिरवतलो!"

गंमत बघा. आमच्या रिळाचं हँडल उजव्या बाजूला होतं. उजव्या हातानं फेकणाऱ्याला फेकून झाल्यावर काठी डाव्या हातात घ्यावी लागते आणि मग उजव्यानं हँडल फिरवावं लागतं. प्रत्येक वेळी ही अदलाबदल. तात्यांनी डाव्यानं फेकलं, तर अदलाबदलच नको! काठी आणि रीळ पूर्ण वेळ डाव्या मुठीत, आणि उजव्या हातानं फक्त हँडल. हँडलचा गोळा तर्जनी आणि मधल्या बोटात धरला की झालं. त्याला अंगठ्याची गरजच नाही. आणि मासा लागला की जोर धरायला ड्रॅग होताच. तंगूस मुठीत धरायचा प्रश्नच संपला.

प्रश्न उरला डाव्या अंगठ्याचा. तो होता, पण अडाणी होता. पन्नाशीच्या माणसाचा तो अंगठा पहिलीतल्या मुलासारखा होता. कधी लवकर दाबायचा, कधी उशिरा, कधी भीतीनं चक्रीला घट्ट चिकटून बसायचा. पहिलीतल्या मुलाला आपण एकदम कोरा कागद देत नाही. आधी चार रेघी वही, मग दुरेघी, मग एकेरी. मी मनाशी ठरवलं की तबकडीचे आकडे म्हणजे या वहीच्या रेघा. हळूहळू कमी करायच्या.

आम्ही एक तक्ता केला. रकाने चार : शिसं किती ग्रॅम, तबकडी कितीवर, किती पावलं, लाडू झाला की नाही. मुलं पावलं मोजत, एक जण लिहीत असे. अट अशी ठेवली की एका आकड्यावर लागोपाठ दहा वेळा लाडूशिवाय फेकता आलं, तरच एक आकडा खाली यायचं. पहिल्या दिवशी दहावर, १३ पावलं. आठवर आलो तेव्हा १९. सहावर २६. नंतरनंतर मुलं घरी गेली तरी तात्या मळ्यात असायचे. अंधार पडेपर्यंत. चार लोक बघताहेत म्हटल्यावर त्यांचा हात अवघडायचा, एकटे असले की सैल सुटायचा.

पाचवर घोडं अडलं. दहापैकी चार लाडू. आम्ही चार दिवस तिथेच होतो. आमचं चुंबकाचं आणि घुंडीचं शास्त्र इथे कामाला आलं. लाडू केव्हा होतो, हे मुलांना मी नीट बघायला सांगितलं. तेव्हा कळलं की तात्यांचा गुंता फेकल्याबरोबर होत नव्हता, शेवटी होत होता. शिसं जमिनीवर पडल्यावर. आता विचार करा. चुंबकाचा ब्रेक वेगावर अवलंबून. चक्री सुरुवातीला जोरात असते, तेव्हा तो भरपूर अडवतो. शेवटी ती हळू होते, तेव्हा तोही ढिला पडतो. घुंडीचं तसं नाही. ती सुरुवातीला जेवढी दाबते, तेवढीच शेवटी. म्हणजे शेवटच्या क्षणासाठी तबकडी वाढवून फार उपयोग नाही. घुंडी थोडी आवळायला हवी, नाहीतर अंगठा वेळेवर दाबायला हवा. तबकडी पाचवरच ठेवून घुंडी पाव फेरा आवळली. लाडू थांबले. अंतर तीन पावलांनी घटलं, पण थांबले. पुढच्या आठवड्यात तात्यांनीच कुणाला न विचारता घुंडी परत पाव फेरा सैल केली. तोवर अंगठ्याला शिसं पडायची वेळ कळू लागली होती.

वाऱ्याचा धडा मात्र त्यांनी आम्हाला दिला. भूगोलात आपण वाचतो : दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. वाचतो, पाठ करतो, पेपरात लिहितो. मळ्यातून पहिल्यांदा खाडीच्या तोंडाशी गेलो ती संध्याकाळ होती. समोरून खारा वारा. तात्यांनी काठी उचलली, वाऱ्याकडे तोंड केलं आणि फेकायच्या आधी चारवरची तबकडी सातवर नेली. मुलं ओरडली, "तात्या, मागे चाललात!" ते काही बोलले नाहीत. आकडा त्यांनी मनानंच निवडला होता, पण बरोबर निवडला होता. समोरच्या वाऱ्यानं शिसं लवकर अडतं, चक्रीला ते कळत नाही, म्हणून लोढणं वाढवायचं. पहाटे मतलई पाठीशी असतो. तेव्हा तबकडी खाली आणायची.

शिमग्याच्या सुटीत एका पहाटे त्यांना तांबोशी लागली. मी तिथे नव्हते. मला मुलाकडून कळलं. ड्रॅगवरून तंगूस करकरत सुटली, तात्यांनी काठी पोटाशी रोवली आणि चार बोटांनी हँडल फिरवत राहिले. साडेतीन किलो. त्याच तराजूवर तोलली, ज्यावर आम्ही शिसं तोललं होतं. तात्यांच्या घरून माझ्याकडे दोन तुकड्या आल्या, वर झाकलेली केळीची पानं. मुलानं तक्त्यात शेवटची ओळ लिहिली : २० ग्रॅम, तबकडी ३, पावलं मोजता आली नाहीत (पाणी होते).

पुढच्या दिवाळीत भाऊ सुटीवर आला. खाडीवर गेला, तात्यांच्या हातून काठी घेतली आणि ऐटीत सपकन फेकली. तबकडी तीनवर होती, ती तात्यांच्या अंगठ्यासाठी. भावाच्या अंगठ्याला वर्षभर सराव नव्हता. असा लाडू झाला की आमच्या शाळेच्या इतिहासात झाला नव्हता! मुलं हसून हसून वाळूत लोळली. भाऊ खिशातून चाकू काढू लागला, तेव्हा तात्यांनी रीळ हाती घेतलं. अशा वेळी वेटोळी ओढत बसायचं नसतं. त्यांनी डावा अंगठा फुगलेल्या तंगुसावर कचकन दाबला, दाबलेला ठेवूनच हँडल दोन-तीन फेरे फिरवलं आणि मग तंगूस हळूच ओढली. गाठी पुष्कळशा आपोआप मोकळ्या झाल्या. हेच पुन्हा एकदा केलं. थोडी तंगूस मात्र कापावीच लागली.

मग तात्यांनी तबकडी आठवर नेली, शिसं लोंबतं ठेवून घुंडी लावली आणि काठी भावाच्या हातात दिली. "दादा, तीन नंबर माझो," ते म्हणाले. "तुमचो येगळो असतलो."

भाऊ दोन आठवडे राहिला आणि सहावर पोचला. जाताना त्यानं रीळ मागितलं नाही. कापलेली तंगूस मुलांनी तेव्हाच वेचून पिशवीत भरली होती. ती किनाऱ्यावर टाकायची नसते, पक्ष्यांच्या पायांत आणि कासवांच्या गळ्यात अडकते. आम्ही मोजली, एकोणीस मीटर निघाली. सध्या ती कार्यानुभवाच्या तासाला तोरणात मणी ओवायला वापरतो आहोत.